तोंड बधिर होण्याआधी

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर गाल सुजलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या ऑफिसातली मुलगी लॅपटॉप घेऊन त्यांच्यामागोमाग तिथवर आली होती. दुखणं त्यांचं होतं, घाई मात्र तिला.

“सर, तोंड बधिर व्हायच्या आधी एवढं सांगा. आपल्या वेबसाइटवर बातमीची तारीख बदलली की जाहिराती का गायब होतात?”

“तारखेचा कोड जाहिरातींच्या फाइलीत आहे.”

“तो तिथे कशाला?”

“त्या दिवशी तीच फाइल उघडी होती.”

“धन्य आहात. एकाला शिंक आली की अख्खं घर आजारी.”

“इतकी वर्षं चाललंय ना पण?”

“चाललंय, कारण तुम्ही जागचे हलला नाहीत. मुलीच्या लग्नातसुद्धा पाहुणे सोडून फोनवर होता. म्हणून तर आता बातम्या, फोटो, जाहिराती सगळ्यांची वेगळी बिऱ्हाडं करतोय. एक बिघडलं तरी बाकीची चालू राहतील.”

“आणि बिघडलेलं कोण बघणार?”

“आम्ही आहोत की. ही तारीख तेवढी सुटी झाली की संपलं. पुढच्या आठवड्यात मुलीकडे निवांत जा. एकही फोन येणार नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

आतून त्यांना हाक आली. ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“एखादा करत जा.”

“करीन ना. दाढ कशी आहे ते विचारायला.”

“तसला नको. काहीतरी बिघडल्याचा कर.”

“बरं. काहीतरी बिघडवून ठेवते.”