मोरीचा फोटो

द्वारका चौकाजवळच्या फोटो स्टुडिओत चैताली आईचा शेवटचा फोटो मोठा करायला देऊन बाकावर बसली होती. नाकातली नळी तशीच राहू द्या, खोटं काही करू नका, असं तिने बजावलं होतं. काउंटरवर आता कळवणच्या नवसाबाई आणि त्यांची कॉलेजात शिकणारी भाची सुवर्णा उभ्या होत्या.

"हीच का गाय, मावशी? अंगभर गाठी दिसतायत." दुकानदाराने स्क्रीनकडे बघत विचारलं.

"लंपीनं गेली. डॉक्टरच्या आधी आमच्या या शहाणीचा मोबाईल गोठ्यात आला."

"आत्या, लोकांना रोग लवकर ओळखता यावा म्हणून काढला. विकिपीडियावर लंपीचा लेख मी लिहिलाय, त्यात टाकलाय."

"मोरीचं नाव घातलं का त्यात?"

"तिथं नाव नसतं. फोटोखाली 'लागण झालेली गाय' एवढंच."

"बघा! जलमभर आमची पोरं हिच्या दुधावर वाढली, अन् नाव काय, तर लागण झालेली."

"मग चांगला फोटो आणू कुठून? पोळ्याचे सगळे बैलांचे आहेत."

"धडधाकट गायीचा फोटो काढतंय कोण! दादा, गाठी पुसता येतील का?"

"येतील की."

"आत्या, पण ते खरं नाही राहणार."

"खरं तुझ्या लेखात हाय ना? जगाला बघू दे तिथं. माझ्या भिंतीवर तरी तिला बरी होऊ दे."

दुकानदाराने माउस सरकवला. मोरीच्या मानेवरची पहिली गाठ गेली.

चैताली उठून काउंटरपाशी आली.

"दादा, आईची नळीही काढा."