टाळी वाजवली की येणारे मासे

आमच्या शेजारच्या देवरावकाकासमोर तलावाचं नाव नका काढू बाप्पा. एसटीतून रिटायर झाल्यापासून काका रोज सकाळी तिथं माशायले कणकेच्या गोळ्या टाकत. त्याईनं टाळी वाजवली की सारे मासे काठाशी गोळा होत.

यंदा महापालिकेनं त्या तलावात मासेमारीचा ठेका देला. एक दिवस आमी दोघं गेलो, तं ठेकेदाराची माणसं जाळं घेऊन उभी. त्यातला एकजण म्हणे, "टाका न काका गोळ्या. आमी तुमाले कुठं अडवून राहिलो?"

काकाले बरं वाटलं. त्याईनं टाळी वाजवली, मासे आले, आन् त्या माणसायनं मांगून जाळं टाकून सारे ओढून घेतले.

काका वरडले, "काहून रे असं करता?"

"ठेका घेतला न आमी," म्हणत त्यानं एक तडफडता मासा काकाच्या हातात देला. "घ्या, हा तुमाले."

काकानं तो लगेच पाण्यात सोडला. पण मासा काठ सोडेना. तिथंच तोंड वर करून गोळीची वाट पाहून राहिला. मंग काका रडत रडत पाण्यात गोटे फेकू लागले, "जाय न रे बापा! माह्याजवळ नको येऊ!"