आठशेच्या फिल्टरचं तेल

—नाही, तू काही बोलूच नकोस, महिपत, तू नुसतं ऐक, हवं तर बॉनेटमध्ये डोकं घालून ऐक— लग्न ठरलं! मनूचं! अरे माझ्या मुलीचं, मनस्विनीचं, जिला तू भाट्याच्या समुद्रकाठच्या पुळणीवर ह्याच मारुती आठशेत बसवून क्लच सोडायला शिकवलंस तिचं! कोल्हापूरचा मुलगा, उन्मेष, असा हसरा आहे म्हणून सांगू— हो हो, कळतंय, तू बोलत नाहीयेस, पंधरा दिवस झाले, तीस वर्षांत आपण पंधरा दिवस अबोला धरलाय कधी? नाही. एकदाही नाही. मेल्या, तू नसलास की मला गाडीतला आवाजसुद्धा चुकीचा ऐकू येतो. झालं गेलं गंगेला मिळालं, ही घे पत्रिका— हात काळे आहेत? बरं, मी इथे टपावर ठेवतो.

एअर फिल्टर? अरे सोड तो फिल्टर! तू कागदवाला, मी तेलवाला, ह्यावर आपण दोन वर्षं भांडतोय, आज शुभ दिवशी कशाला— भाच्यानं मुंबईहून तो लाल कापडाचा आणला तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो— धुवा, वाळवा, तेल लावा, जन्मभर वापरा! आणि तू म्हणालास, हरिभाऊ, गाडी सत्त्याण्णवची, तुमच्या रस्त्याला चिऱ्याच्या खाणीची धूळ, मैद्यासारखी बारीक, तिला कागदच बरा, मळला की फेकायचा आणि नवा घालायचा. फेकायचा! आमच्या घरात करवंटी फेकत नाहीत, महिपत, तुझी हेमावहिनी नारळाचं सोडणसुद्धा चुलीत घालते, आणि मी दर सहा महिन्यांनी अख्खा फिल्टर फेकू? आणि पळत होती की गाडी! पावसच्या चढावर नुसती सूं— मी खिडकीतून हात बाहेर काढून हाका मारायचो लोकांना, ह्या वयात!

हां, ऐक ना, लग्न कसं ठरलं ते ऐक. कोल्हापूरला बघायला चाललो होतो, पहाटे निघालो, हेमा मागे, मनू पुढे, शालू नेसून— आणि आंब्याच्या घाटात ही बया धापा टाकायला लागली. उभी केली की पाच मिनिटांत बरी, निघालो की पुन्हा दम कोंडला. का? तर उभं राहिलं की इंजिनाच्या उबेनं वितळायचं आणि निघालं की गार हवेनं पुन्हा थिजायचं, पुन्हा वितळायचं, पुन्हा— थिजायचं म्हणजे... काय थिजायचं? मी थिजायचं म्हणालो? थंडीच तशी होती रे, माणसं थिजत होती, मी स्वतः थिजलो होतो!

तर शेवटी चहाच्या टपरीशी थांबलो आणि उन्मेषला फोन केला, तो दीड तासात जीप आणि दोर घेऊन हजर. आणि आमची मनू कुठे? कठड्यावर, शालू खोचून, कांदाभजी खातेय! त्याला बघून लाजेल, लपेल— छे! भज्यांचा कागद पुढे केला, म्हणाली, घ्या, गार होतील. तासभर दोघं हसतायत, मी आणि हेमा गाडीमागे उभे, हेमा माझा दंड धरून रडतेय आणि मीही रडतोय, आनंदानं रे! गाडी बंद पडली नसती तर दोघं बैठकीत पोहे चिवडत खाली मान घालून बसली असती. त्या संध्याकाळीच सुपारी फुटली. देवाशपथ सांगतो, त्या खोबरेलानं माझ्या मुलीचं—

...

बरं. काढलास का तो फिल्टरचा डबा? वास घेऊ नकोस. घेतलास. अरे ती तेलाची बाटली संपली होती, फिल्टरबरोबर आलेली, आणि घरच्या खोबऱ्याचं ताजं काढलेलं होतं, म्हटलं तेल ते तेल, भाट्याला कधी थिजतं का? सढळ हातानं लावलं. घाटात मी बॉनेट उघडलं आणि बघतो तर पांढरंशुभ्र, लोण्यासारखं! मागून हेमा विचारते, काय झालं हो? आणि माझ्या तोंडून निघालं, महिपतनं काहीतरी करून ठेवलंय. निघालं, झालं! मग खोटं टिकवायला तुला फोन लावला, चोर म्हणालो, पुन्हा दारात येऊ नकोस म्हणालो. तू विचारलंस, मनू घाटात थंडीत उभी नाही ना? एवढंच. तेव्हापासून मला झोप नाही.

ये रे लग्नाला. मनूनं बजावलंय, महिपतकाका आले नाहीत तर मुहूर्त टळला तरी चालेल, मी अंतरपाटाशी त्यांची वाट बघत उभी राहीन. ती करेल तसं, तुझीच चेली ती. चुकलो मी, महिपत, साफ चुकलो.

काय? व्याह्यांना काय सांगितलंय? ते— म्हणजे— हेच. तुझं नाव. ते म्हणतात, तो तुमचा मेकॅनिक लग्नात दाखवा, चार शब्द सुनावतो. गमतीनं म्हणतात रे! ...नाही येणार? बरोबर आहे. तुझ्या जागी मीसुद्धा आलो नसतो.

त्यांना खरं सांगतो की. लग्न झाल्यावर सांगतो. निवांत. —आत्ता? इथे, तुझ्या गिऱ्हाइकांदेखत? अरे ते मला येडा समजतील, मुलीचा बाप असा म्हणतील— तू तिकडे वळून का उभा राहिलास? महिपत? बरं, बाबा, बरं, लावतो, हा बघ लावला, वाजतोय... जेवत असतील कदाचित, जेवणात कशाला— हॅलो! नमस्कार, नमस्कार, हरिहर बोलतोय रत्नागिरीहून. नाही नाही, सगळं छान, हॉल मिळाला, हो. एक सांगायचं होतं. त्या दिवशीचं. गाडीत तेल मी घातलं होतं. महिपतनं नाही, मी. तो नको म्हणत होता.

होय. खोबरेल.