ढिला दोर

"ऐका. पण आधी तो दिवा बारीक करा. आणि खाडीकडे पाठ करून कोणी बसू नका."

एवढं बोलून बायआतेंनी सुपारी कातरायला घेतली. बायआते म्हणजे आमच्या ह्यांची आत्या, माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. गोष्ट सांगा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. पण पडवीतली शांतता त्यांना सोसेना. कोणालाच सोसत नव्हती.

हे संध्याकाळी होडी घेऊन पलीकडच्या तीरावर गेले होते, लग्नाची माणसं पोचवायला. दिवेलागणीला परत यायचे, ते जेवणं झाली तरी नाहीत. फोन लागत नव्हता. होडीचं मशीन आठवड्यात दोनदा बंद पडलेलं. मामंजी विडीवर विडी ओढत होते आणि सदू भावजी पायरीवर मान घालून बसले होते. सदू भावजींची होडी जेटीवर आमच्या होडीशेजारी लागते. दुपारी ह्यांचं आणि सदू भावजींचं उतारूंच्या पाळीवरून जुंपलं होतं. आमच्या पाळीचे चार मास्तर सदू भावजींनी स्वतःच्या होडीत बसवले, म्हणून. भांडण संपता संपता सदू भावजी म्हणाले होते, "एवढी घाई आहे तर पाठवाटेनं जा की! डिझेलही वाचेल!" आता तेच वाक्य त्यांना टोचत होतं.

खाडीच्या मध्ये चिपीच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांनी भरलेलं एक जुवं आहे, छोटं बेट. त्याच्या पुढून मोठी वाट. मागून अरुंद पाणी, ती पाठवाट. जवळची आहे. पण रात्री तिथून कोणी जात नाही. का, ते मला लग्न होऊन दीड महिना झाला तरी कोणी सांगितलं नव्हतं. नव्या सुनेनं विचारायचं नसतं, आणि न विचारता तिला कोणी सांगत नाही.

"माझा बाप अनाजी," बायआते म्हणाल्या. "तेव्हा मशीन नव्हतं बाबांनो. वल्हं, तळाला टेकायची बल्ली आणि दोन दंड. आई बाळंतपणाला माहेरी गेलेली, पलीकडच्या तीरावर. तिला आणायला बाप गेला. दुपारीच निघायचा. पण सासुरवाडी ती! जेवल्याशिवाय सोडतील? जेवला. मग पान खाल्लं. मग सासऱ्यानं म्हटलं, जरा आडवे व्हा. झाला आडवा! उठतो तर दिवस बुडालेला. तरी निघाला. होडीत आई, आईच्या मांडीवर तान्हं पोर. ते पोर कोण? ते बघा, समोर बसलंय, विडी ओढतंय."

मामंजींनी विडी खाली केली.

"आता रावजी कोण ते ऐका. रावजी म्हणजे ह्या सदूचा आजा. जेटीवर बापाच्या शेजारी त्याची होडी. आणि दोघांचं रोज भांडण. रोज! सकाळी रावजी म्हणायचा, 'अनाजी, ही तुझी होडी आहे की डुकरांची डोण?' बाप म्हणायचा, 'डोणीत पाणी राहतं तरी. तुझी तर चाळण आहे, चाळण!' त्याशिवाय दोघांना चहा पचायचा नाही. पण होडीवाल्यांचा एक कायदा होता. अजून आहे. जमिनीवर काय हवं ते भांडा. पाण्यात कोणी दोर टाकला की पकडायचा. बांधायचा. नाव विचारायचं नाही, जुनं काढायचं नाही. काय रे सदू, आहे ना?"

"आहे," सदू भावजी पायरीवरूनच म्हणाले.

"हं. तर बाप अर्ध्या खाडीत आला. समोरून वारा. आणि मोडला की हो वल्ह्याचा खुंटा! काट्कन! होडी लागली गिरकी खायला. बल्ली टाकावी तर तळ लागेना. सुकती सुरू झालेली, पाणी समुद्राकडे ओढतंय. बाप ओरडतो, वारा आवाज गिळतो. पोर रडतंय. आणि तेवढ्यात, ऐका हां, तेवढ्यात अंधारातून एक होडी आली. वल्ह्याचा आवाज नाही. पाण्याचा आवाज नाही. आली. आणि सप्‌कन दोर पडला बापाच्या पायाशी.

'कोण? रावजी का रे?'

'मीच दादा,' तो म्हणाला. 'दमलास ना? बांध दोर नाळेला आणि बस निवांत. वहिनी बऱ्या आहेत ना?'

बापानं दोर पकडला. नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, बांधला. कायदाच आहे ना! आणि मनात म्हणाला, बघा, बायकोसमोर कसा शहाण्यासारखा बोलतोय मेला. इथंच चुकला. इथंच!"

बायआतेंनी सुपारी तोंडात टाकली. खाडीकडून वाऱ्याशिवाय काही येत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिथून जेटीचा कोपरा दिसतो. आमची जागा रिकामी होती.

"होडी चालली. छान चालली. बाप हात चोळत बसला. पण आई? आई नाळेकडे तोंड करून बसलेली. तिनं काय बघितलं? दोर ढिला! एक होडी दुसरीला ओढते तेव्हा दोर कसा हवा? ताणलेला हवा, तारेसारखा. आणि हा पाण्यात लोंबतोय, झोपाळ्यासारखा. दोर ढिला, आणि होडी चाललीय. मग ओढतंय कोण? आणि कशानं?

आता सांगणार कसं? समोर परका पुरुष. तेव्हाच्या बायका परक्यासमोर तोंड उघडायच्या नाहीत. तिनं बापाच्या पाठीला चिमटा काढला. बाप म्हणतो, 'थंडी वाजतेय का गो?' दुसरा काढला. 'पोचतोच आता.' तिसरा काढला तर म्हणतो, 'घरी पोचू दे, मग बघतो तुझ्याकडे!'"

कोणीतरी हसलं आणि हसणं अर्ध्यावरच राहिलं.

"होडी वळली. कुठं वळली? पाठवाटेला! बाप म्हणाला, 'अरे रावजी, इकडून कशाला? सुकती लागलीय, अडकू की!' 'तुला त्रास नको म्हणून दादा,' तो म्हणाला. 'जवळची वाट.' केवढी माया! आणि पाणी उतरत होतं. बोट बोट उतरत होतं. दोन्ही बाजूंनी चिपीची मुळं वर येत होती. आणि बसली होडी चिखलात. फस्स!

बसली ती बसली. आणि पुढची होडी?

पुढची होडी चाललीच होती.

चिखलावरून! पाणी नाही, थेंब नाही, आणि ती आपली सरसर चाललीय, लोण्यावरून सुरी जावी तशी. तेव्हा बाप ताडकन उठून उभा राहिला. त्याला कळलं, हा रावजी नव्हे. हा गिऱ्हा. पाण्यात बुडून मेलेला, आणि पाण्यातच माणसं नेणारा.

दोर सोडायला गेला. हाताला लागला वाम माशासारखा. गार, बुळबुळीत. गाठ कुठंय? गाठच नाही! कोयता मारला. कोयता पाण्यातून जावा तसा गेला, दोर तिथंच. उतरून पळावं? बल्ली टाकून बघितली. अख्खी बल्ली गेली खाली, दोन पुरुष लांबीची, आणि तळ नाही. चिखल गिळत होता. होडीत बसावं तर तो समोर, उतरावं तर चिखल खाली. काय करणार माणूस? सांगा, काय करणार?"

 मला वाटतं, त्या वेळी पडवीतला प्रत्येक जण त्या होडीतच बसला होता. फक्त त्या होडीत अनाजी नव्हते.

"तो वळला. चेहरा रावजीचाच. मिशी तीच, गालावरचा तीळ तोच. म्हणाला, 'उतर दादा. इथं टणक आहे.' आणि खरंच! चिखलावर वाळूची वाट दिसायला लागली. वाटेच्या टोकाला कंदील. आणि कंदिलापाशी माझी आजी हाक मारतेय, 'अनाजी, ये रे बाबा, जेवण निवतंय.' बापानं एक पाय उचलला. आईनं मागून धोतर धरलं.

मग तो पोराकडे वळला. 'पोर गारठलंय दादा. इकडे दे. मी नेतो पलीकडे.' आणि ऐका, बाप सांगायचा हे, मरेपर्यंत सांगायचा. म्हणायचा, माझं मन नको म्हणत होतं आणि माझे हात पोराखाली जात होते. हात माझे नव्हतेच. आईच्या मांडीवरून मी पोर उचलत होतो. आणि पोर रडायचं थांबलं होतं.

तेव्हा माझी आई बोलली. जन्मात पहिल्यांदा परक्या पुरुषाशी बोलली. काय बोलली? देवाचं नाव? मंत्र? काही नाही! म्हणाली, 'भावजी, रोज आमच्या होडीला काय म्हणता ते आज म्हणा की एकदा!'

तो गप्प.

'म्हणा ना भावजी!'

मग म्हणाला, 'छान आहे वहिनी. फार सुंदर होडी आहे तुमची.'"

मामंजींची विडी विझली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

"बाप भानावर आला! खाडीच्या पाण्यात असा रावजी जन्मला नव्हता जो ह्या होडीला सुंदर म्हणेल! पोर आईच्या पोटाशी दाबलं आणि दोघं होडीच्या तळाला झोपली. आणि तो यायला लागला. सावकाश. चिखलावरून. हातभर. थांबायचा. मग परत हातभर. बाप रामाचं नाव घेऊ बघतोय तर जीभ वळत नाही. सुटका कुठली? भरतीला अजून अख्खी रात्र.

आणि तेवढ्यात मोठ्या वाटेकडून आवाज आला, 'अरे ए डुकरांच्या डोणीवाल्या! मेलास की जिवंत आहेस?'

खरा रावजी! जेटीवर अनाजीची होडी दिसली नाही म्हणून शोधायला निघालेला. बाप रडला हो. शिवी ऐकून रडला! आणि ओरडला, 'चाळणीवाल्या, पाठवाटेत अडकलोय रे!' ते ऐकलं आणि तो गिऱ्हा जागच्या जागी थांबला.

पण रावजी आत येणार कसा? पाणीच नाही. तो पाठवाटेच्या तोंडाशी नांगर टाकून बसला. आणि दोघांच्या ध्यानात आलं, बोलणं थांबलं की गिऱ्हा हातभर सरकतो. एकमेकांना लागेल असं बोललं की थांबतो. मग काय! रात्रभर भांडले! होडीवरून झालं. पाळीवरून झालं. बापावर गेले, आज्यावर गेले, रावजीच्या लग्नातल्या आंबलेल्या आमटीपर्यंत गेले. घसे बसले. शिव्या संपल्या. मग आईनं आतून पुरवल्या, बाप फक्त ओरडला! उजाडता उजाडता तो नाळेपासून एवढ्यावर होता. एवढ्यावर! माझ्या हातातल्या अडकित्त्याएवढ्यावर. मग उजेड फुटला आणि तो त्याच्या दोरासकट विरला. आणि भरतीचं पाणी आलं. होडी हलली. रावजीचा दोर पडला. बापानं बांधला आणि दोर ताणला, टण्ण! तो आवाज ऐकून आई म्हणाली, हा माणसाचा."

बायआतेंनी अडकित्ता मिटला.

"म्हणून सांगते. रात्री पाठवाटेला जाऊ नका. डिझेल वाचू दे नाहीतर बुडू दे. आणि अंधारात कोणी दोर टाकला तर आधी त्याला टोचून बोला. उलटून टोचलं तर बांधा. गिऱ्ह्याला चेहरा येतो, आवाज येतो, आईची हाकसुद्धा येते. पण त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं ना, म्हणून त्याला गोडच बोलता येतं."

गोष्ट संपली. वाट पाहणं तेवढं उरलं. आणि ते आता आधीपेक्षा वाईट होतं.

मग मला जुव्याच्या कडेला काहीतरी काळं दिसलं. होडी. दिवा नाही, मशीनचा आवाज नाही. सावकाश जेटीकडे येत होती.

सगळे उठले. सदू भावजी जेटीच्या टोकाला धावले आणि ओरडले, "कोण रे? पाळीचोरा! तोंड शिवलंय का?"

उत्तर नाही.

परत ओरडले. आवाज फाटला. उत्तर नाही. होडी येतच होती. मामंजींनी माझ्याकडे बघितलं. का बघितलं, मला माहीत नाही. ह्या घरात माझा आवाज आतापर्यंत भांड्यांपेक्षा मोठा झाला नव्हता. ह्यांचं नाव तर मी मनातही घेत नाही. पण माझे पाय जेटीवर गेले होते आणि तोंड उघडलं होतं.

"अहो! ती होडी आहे की डुकरांची डोण?"

खाडी एवढी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

मग वाऱ्यातून, दमलेला, चिडलेला आवाज आला, "ह्याच डोणीतून वरात आली तुझी! तेव्हा बरी बसलीस ती, शालू सावरत!"

बायआते मागे म्हणाल्या, "तोच गो, तोच. चहा ठेव."

पण मी गेले नाही. ह्यांनी बल्ली टेकत होडी लावली. मशीन पुन्हा बंद पडलं होतं. जेटीवर पाय ठेवताच ते सदू भावजींकडे वळले, गुश्शातच.

"आणि तू रे? दुपारी शिव्या घालतोस आणि रात्री जुव्यापाशी दोर घेऊन येतोस? 'दमलास ना दादा, बांध.' मोठा आला दादा म्हणणारा! मी म्हटलं, ह्याचा दोर घेण्यापेक्षा बल्ली मारत जाईन. बघितलंसुद्धा नाही तुझ्याकडे."

 सदू भावजी दिवेलागणीपासून आमच्या पायरीवर होते.

 बायआतेंनी सदू भावजींचा दंड धरला.

"उद्या सकाळी ह्याचे उतारू पुन्हा पळव रे बाबा," त्या म्हणाल्या. "विसरू नकोस."