‘गोंदण’ खोलीच्या भिंतीवरील डाव्या हाताबाबत

जबाब
दिनांक २३/११/२०२५, सकाळी ११.१० वाजता, पोलीस स्टेशन कारंजा

मी सौ. राखी गणेश सावके, वय ४३ वर्षे, व्यवसाय एस.टी. वाहक, राहणार शिरपूर जैन, ता. मालेगाव, जि. वाशिम. विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती गणेश जगदेव सावके, व्यवसाय वायरमन, यांच्यासह राहते. मुलगी वैभवी पुण्याला नोकरीला आहे. माझी आई भागिरथाबाई देवमन इढोळे, वय ७६ वर्षे, वडील वारल्यापासून माझ्याजवळ राहत होती. तिला विसरण्याचा आजार होता. स्वतःचं नाव सांगायची, गाव विचारलं की माहेरचं केनवड सांगायची. दि. १२/०३/२०२४ पासून ती बेपत्ता आहे. दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातील पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्यात ‘आई दुपारी कोणाला न सांगता घरून निघून गेली’ अशी नोंद आहे. ती आजपर्यंत मिळून आलेली नाही.

काल दि. २२/११/२०२५ रोजी आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यानिमित्त वैभवीने आमच्यासाठी कारंजा येथील जुन्या पेठेत, वेशीच्या आत असलेल्या ‘रेषा’ नावाच्या हॉटेलात एक दिवसाची खोली घेतली होती. हे हॉटेल मदनसिंग नावाच्या चित्रकार इसमाने जुनी हवेली दुरुस्त करून काढलेलं आहे. मी वैभवीला फोनवर म्हटलं होतं की घर असताना दुसऱ्याच्या घरी झोपायला जाणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ती म्हणाली, “मम्मी, एक दिवस तरी कोनाच्या गाडीले घंटी नको मारू.” म्हणून गेलो.

आम्ही दुपारी १२.४० वाजता पोहोचलो. व्यवस्थापक हरीओम याने आमची आधार कार्डं घेतली व माहिती दिली. हॉटेलात सहा खोल्या आहेत. खोल्यांना नंबर नाहीत, नावं आहेत. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर त्या नावाप्रमाणे मालकाने स्वतः चित्रं काढलेली आहेत. पोळा, कापूस, बोहाडा अशी नावं मी दारांवर वाचली. आमची खोली वरच्या मजल्यावर, तिचं नाव ‘गोंदण’. हरीओम म्हणाला, “लोक मुद्दाम हेच खोली मांगते ताई. मालकानं गावोगाव फिरून म्हाताऱ्याइचे हात काढले.” गणेशने थट्टा केली की हिला आधी सांगा, ही हाताला तिकीट मागेल. मी हसले, हे मला आठवतं.

खोलीच्या तीन भिंतींवर हातच हात होते. कोणावर तुळस, कोणावर सीतेची चूल, कोणावर नुसते ठिपके. पलंगाच्या उशाकडील भिंतीवर एकच हात होता, माणसाच्या उंचीएवढा मोठा. डावा हात, तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली. मी बॅग ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

त्या हातावर विंचू आहे. विंचवाला उजव्या अंगाला चार पाय आणि डाव्या अंगाला तीन. तिसऱ्या पायानंतर एक वाकडी रेघ मनगटापर्यंत आलेली आहे. माझ्या आईच्या डाव्या हातावर हेच गोंदण आहे. ती सात वर्षांची असताना चौथा पाय गोंदण्याच्या वेळी तिने हात हिसकला आणि पळाली. सुई ओढली गेली, ती ही रेघ. गोंदणारीण पुढच्या वर्षी पुन्हा गावात आली, तेव्हा आई ज्वारीच्या कणगीत लपून बसली, म्हणून तो पाय कायमचा राहिला. असा लंगडा विंचू दुसऱ्या कोणत्या बाईच्या हातावर असेल असं मला वाटत नाही. आई म्हणायची, “सोनं-चांदी अठीच राह्यते, गोंदण तेवढं संगं येते. देव हात पाहून मले वळखीन.” देवाचं मला माहीत नाही, मी ओळखला.

गणेशला मी दाखवलं. तो जवळ गेला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तो म्हणाला, “मायचाच हाय.” मी मोबाईलमध्ये त्या भिंतीचे तीन फोटो काढले. वेळ दुपारी १.०५ ते १.०८. फोटो हजर करत आहे.

आम्ही हरीओमला मालकाची भेट मागितली. आम्ही का भेटतो, ते सांगितलं नाही. मदनसिंग सायंकाळी ५ वाजता आला. वय अंदाजे ५५, अंगात खादीचा सदरा, बोलणं गोड. आम्ही त्याच्या चित्रांचं कौतुक करू असं समजून त्याने स्वतः चहा सांगितला आणि आमच्यासमोर अंगणात बसला. उशाकडच्या भिंतीवरची बाई कोण, असं मी विचारलं.

तो म्हणाला, “ते मॉडेल नवती ताई. रस्त्यावरची होती.”

“कोनत्या रस्त्यावरची?”

“शेलूबाजारची. कारंजा रोडले टायरचं दुकान हाय, त्याच्या मांगं बसून राहे. मागच्या सालच्या मार्चमधी मी रोज तिकून जाऊन राह्यलो होतो.”

गणेश म्हणाला, “शेलूबाजार? माय तं घरून गेली होती ना? केनवडच्या बाजूनं?” तो मदनसिंगकडे नाही, माझ्याकडे पाहून बोलला.

याबाबत खुलासा करते की, दि. १२/०३/२०२४ रोजी आई घरून गेली नाही. त्या दिवशी ती माझ्या गाडीत होती. घरी तिच्याजवळ बसायला कोणी नव्हतं, म्हणून मी तिला अधूनमधून ड्युटीवर सोबत न्यायची आणि माझ्या बाजूच्या सीटवर बसवायची. तसं करू नये, गाडी म्हणजे पाळणाघर नाही, अशी लेखी समज मला आधी मिळालेली होती. त्या दिवशी वाशिमवरून कारंजाला जाणारी फेरी होती. शेलूबाजारला दुपारी २.१५ वाजता गाडी थांबली, मी नोंद करायला खाली उतरले. परत येऊन डोकी मोजली. मशीनवर आईचं धरून अडतीस तिकिटं, गाडीत अडतीस डोकी. हिशेब जुळला म्हणून मी डबल घंटी मारली. एकोणीस वर्षं मी अशीच घंटी मारत आले आहे. चेहरे पाहायची सवय नाही, डोकी जुळली की गाडी सोडायची.

तिकिटं पाहत पुढे आले तेव्हा माझ्या बाजूच्या सीटवर हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसलेली होती. ती म्हणाली, “एक कारंजा दे व बाई.” आईचं लुगडंही हिरवं होतं. तोवर गाडी सहा-सात किलोमीटर पुढे आलेली होती.

मी गाडी थांबवली नाही. उतरून समोरून येणाऱ्या गाडीने परत जाता आलं असतं, मी उतरले नाही. शेलूबाजारच्या ओळखीच्या चहावाल्याला दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. आई बसवली तिथून हलत नाही, दोन तासांत माझी गाडी परत तिथेच येते, असं मी धरून चालले. ४.४० वाजता परत आले तेव्हा आई नव्हती. दहा मिनिटं शोधलं. पानठेल्यावर एकाने सांगितलं की एक म्हातारी मालेगावकडच्या जीपमध्ये बसली. मला ते खरं वाटलं. खरं सांगायचं तर मला ते खरं हवं होतं. ती गावाकडेच गेली असेल तर ‘घरून गेली’ असं लिहून दिल्याने शोधात काही फरक पडत नाही आणि माझी नोकरी राहते, असा विचार करून मी दुसऱ्या दिवशी खोटी तक्रार दिली. गणेशलाही तेच सांगितलं. तो महिनाभर केनवड, रिसोड, मालेगाव पायी फिरला. शिरपूरच्या यात्रेकरूंच्या प्रत्येक गाडीत त्याने आईचा फोटो दाखवला. मी त्याच्यासोबत फिरले. मी हे दीड वर्षात कोणाला सांगितलेलं नाही.

काल अंगणात मी मदनसिंगला विचारलं, ती बाई काही बोलत होती का.

तो म्हणाला, “एकच बोले. माही लेक गाडी घेऊन गेली, आता येते. मी बिस्कुट देल्लं तं म्हने, लेक आल्यावर खाईन.”

टायरचं दुकान थांब्यापासून कारंजाच्या दिशेला अंदाजे अर्धा किलोमीटर आहे. माझी गाडी ज्या दिशेला गेली, आई त्या दिशेला चालत गेली असं दिसतं. त्या आठवड्यात मी रजेवर होते व केनवडला होते.

मदनसिंगने त्याची चित्रांची वही आणून दाखवली. वहीत आईच्या हाताची पाच पानं आहेत. प्रत्येक पानावर खाली तारीख आहे, १२ मार्च ते १६ मार्च. या पाचही पानांवर मनगटात चांदीचा गोट आहे. हा गोट आईच्या लग्नातला. मनगट जाड झाल्यापासून तो निघत नव्हता. एकदा हाताचा एक्स-रे काढायचा होता, तेव्हा साबण लावला, तेल लावलं, दोन नर्सा ओढून थकल्या, शेवटी गोटासहित एक्स-रे काढला. भिंतीवरच्या चित्रात तो गोट नाही. मनगटाभोवती त्याचा वळ मात्र काढलेला आहे, गोरा, बोटभर रुंद. ज्याने गोट गेलेला हात पाहिला नाही त्याला हा वळ काढता येणार नाही. फोटो क्रमांक दोनमध्ये हे स्पष्ट दिसतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

मी त्याला विचारलं, गोट कुठे गेला. तो म्हणाला, “कलाकाराची मर्जी ताई. भिंतीवर दागिना शोभला नसता.” पुढे काय झालं, असं विचारल्यावर म्हणाला, “सतरा तारखेले गेलो तं बाई तठी नवती.” एवढं बोलताना त्याने वहीचं पुढचं पान उलटलं आणि लगेच त्यावर पंजा ठेवला. “हे कच्चं हाय,” म्हणाला. पंजाखाली मला हाताचा खालचा भाग दिसला. तो जमिनीवर होता, आजूबाजूला गवत काढलेलं होतं. पानावरची तारीख १७ मार्च होती. धावत्या गाडीत, दारात लटकलेल्या मुलांच्या पासवरची तारीख वाचणं हे माझं रोजचं काम आहे. माझी वाचण्यात चूक झालेली नाही.

मी त्याला सांगितलं की ही माझी आई आहे. त्याने वही बंद केली. तो म्हणाला, “तवा कोठी होत्या तुमी?” आम्ही पोलिसांकडे जाणार आहोत असं गणेशने त्याला सांगितलं. मदनसिंग चहा अर्धा टाकून उठला.

सायंकाळी ७ वाजता वैभवीने मागवलेला केक आला. तो आम्ही कापला नाही. झोपण्याआधी गणेशने फक्त एवढं विचारलं, “पाच दिवस?” मी हो म्हटलं.

आज सकाळी ८ वाजता हरीओमने नाश्त्याला खाली बोलावलं. आम्ही ८.३५ वाजता वर आलो तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. रामधन नावाचा रंगारी उशाकडील भिंतीला पांढरा रंग मारत होता. बोटं आणि तळवा गेलेला होता. विंचू अर्धा राहिला होता. मी रोलर धरला. रामधन म्हणाला, “मले काय मालूम बाई, पहाटीच फोन आला, लवकर ये म्हने.” हरीओम वर येऊन म्हणाला की दर हंगामाला भिंत बदलण्याची इथली पद्धत आहे. बाकी तीन भिंतींवरचे हात मात्र जसेच्या तसे होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मालक कुठे आहे असं विचारलं, तर म्हणाला, “ते पहाटीच निंगाले, नागपूरले.” वही सोबत नेली का, हे त्याला माहीत नाही. आम्ही बॅगा तिथेच ठेवून, खोलीला कुलूप लावून, किल्ली घेऊन सरळ येथे आलो. किल्ली हजर करत आहे.

तरी माझी विनंती अशी की, सदर भिंतीवरचा नवा रंग वाळायच्या आत उतरवून पाहावा. मदनसिंग याच्याकडून वही ताब्यात घ्यावी व १७ मार्चच्या पानाबाबत आणि गोटाबाबत त्याची चौकशी करावी. तसेच दि. १७/०३/२०२४ पासून पुढे शेलूबाजार परिसरात बेवारस मिळालेल्या स्त्रियांच्या नोंदी काढाव्यात. आजवर मला ओळख पटवायला रिसोड व मालेगाव भागातले बेवारस दाखवण्यात आले, शेलूबाजारकडचे नाही. त्यात पोलिसांचा दोष नाही. तिकडे पाहा असं त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

पती गणेश बाहेर बाकावर बसलेला आहे. त्याचा जबाब वेगळा घ्यावा. मी समोर असताना तो बोलणार नाही.

हा माझा जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहिला. मला मोठ्याने वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला, तो बरोबर आहे. माझ्या सांगण्यावरून येथील अंमलदारांनी संगणकावर दि. १३/०३/२०२४ ची माझी तक्रार उघडून तीही वाचून दाखवली. तीसुद्धा मी सांगितल्याप्रमाणेच लिहिलेली आहे, खाली ‘वाचून दाखवली, बरोबर आहे’ असं आहे आणि सही माझी आहे. ती बरोबर नाही.

सही
राखी गणेश सावके

समक्ष
ठाणे अंमलदार