वाढीची रेघ

डॉक्टर : लंगडण्याचं बघूच आपण. आधी मला सांगा काका, याला खायला काय देता?

बाबा : कुत्र्याला देतात तेच. मोठ्या कुत्र्यांचं खाणं. महिनाभर झाला.

सून : आणि वर कॅल्शियमची पावडर. चमचा शिगोशीग भरून.

बाबा : अगं, वाढतं अंग आहे!

सून : ऐकलंत, डॉक्टर? वाढतं अंग म्हणून पावडर, आणि वाढून झालं म्हणून मोठ्यांचं खाणं. दोन्ही एकाच तोंडाने. मी म्हणत होते, एकदा विचारून घेऊ. पण आमच्या सासरेबुवांना कुणाला काही विचारायचं म्हणजे कमीपणा वाटतो.

बाबा : चौदा वर्षं ठमीला सांभाळलं मी. दहा महिन्यांची झाली तसं तिचं पिल्लांचं खाणं बंद केलं. काही बिघडलं तिचं?

डॉक्टर : ठमी केवढी होती?

सून : पिशवीत मावायची. बाबा तिला पिशवीतूनच बाजारात न्यायचे. लोकांना वाटायचं, कोबी भुंकतोय.

डॉक्टर : आणि हे महाराज?

सून : हे टेबलावर मावत नाहीयेत, बघताच आहात. नाव बुटक्या. तळहातावर बसायचा तेव्हा ठेवलेलं. माझ्या नवऱ्याने आणला, बोटीवर कामाला जायच्या आधी. सासूबाई गेल्या, पाठोपाठ ठमी गेली, आणि बाबांचं बोलणंच बंद झालं. म्हणून आणला. एवढा होईल असं कुणाला वाटलं होतं!

डॉक्टर : वय?

सून : अकरा महिने.

बाबा : आधी पुढचा डावा पाय उचलून धरायचा. तो बरा वाटला, तर उजवा. काल मी दारात आलो तर उठलाच नाही. शेपूट हलवलं, पण उठला नाही. रोज अंगावर झेपावतो हो.

डॉक्टर : एक्स-रे काढूया. दोघं जरा बाहेर बसा.

(थोड्या वेळाने, त्याच खोलीत. भिंतीवरच्या पडद्यावर एक्स-रे लावलेला आहे.)

डॉक्टर : हे दोन्ही पुढचे पाय. इथे बघा.

सून : बाबा, चष्मा लावा. बाबा? काय झालं?

बाबा : तू बाहेर जा, पोरी.

सून : का?

बाबा : जा म्हणतो ना.

सून : मी कुठेही जात नाही.

बाबा : डॉक्टर, बंद करा ते. मला कळलं. जन्मभर वेल्डिंग केलंय मी, तेलाचे पाइप जोडले. आमच्या एकेका सांध्याचा असाच एक्स-रे निघायचा. पांढऱ्यात काळी रेघ दिसली की सांधा फुटका. कापून फेकायचा, दुसरं बोलणं नाही. इथे मनगटाच्या वर आरपार रेघ आहे. दोन्ही पायांना. खांद्याशी आणखी एक. हाडाचे सरळ तुकडे झालेत. आता इंजेक्शनच ना?

सून : कसलं इंजेक्शन?

बाबा : ठमीला दिलं तसलं. या घरातून आता आणखी कुणी जायला नको होतं ग.

डॉक्टर : काका, बसा आधी. पाणी घ्या. कोणी कुठे जात नाहीये. या वयात ही रेघ दिसली नसती, तर मला काळजी वाटली असती.

बाबा : म्हणजे?

डॉक्टर : काहीही तुटलेलं नाही. ती कूर्चा आहे. आपला कान कसा दुमडतो, तशी लवचिक. मऊ असते म्हणून एक्स-रेत काळी दिसते. हाड लांब होतं ते तिथूनच. त्या रेघेत नवा थर तयार होतो, तो कडक होऊन हाडाला मिळतो, की पुन्हा नवा. त्याची उंची तिथून येते.

बाबा : भेग नाही?

डॉक्टर : भेग नाही.

बाबा : इथून वाढतोय तो?

डॉक्टर : इथून.

बाबा : आत्ता? आपण बोलतोय, तेव्हासुद्धा?

डॉक्टर : आत्तासुद्धा.

सून : अगो बाई! आणि हा जांभया देतोय.

बाबा : थांब जरा. डॉक्टर, हे धूड जिन्यावरून उड्या मारतं. सोफ्यावरून उड्या मारतं. माझ्यावर उड्या मारतं. आणि हाडातच न जुळलेली जागा आहे? तिच्यावर उभा राहतो हा?

डॉक्टर : राहतो. पण उड्या कमी करा आता.

बाबा : आम्ही जोडायच्या आधी लाइन बंद करायचो. तेल काढून टाकायचं, पाइप शिकंज्यात आवळायचा, माशीसुद्धा बसू द्यायची नाही. मग ठिणगी. आणि हा धावतोय, खातोय, माझी चप्पल पळवतोय, आणि आत काम चालूच. चालू लाइनवर काम करतंय कोण हे?

सून : बाबा, डोळे पुसा.

बाबा : घाम आहे तो.

सून : असू दे. घाम पुसा. पण डॉक्टर, मग हा लंगडतो का?

डॉक्टर : हाडाच्या पोकळीत हे ढगासारखं धूसर दिसतंय ना? मोठ्या जातींच्या पिल्लांना वाढीच्या भरात हाडं आतून दुखतात. आज हा पाय, उद्या तो. दुखणं कमी करायला गोळ्या देते. आराम द्या, आपोआप जातं. पण खाणं बदलायचं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वेगळं मिळतं, ते द्या. आणि पावडर आजपासून बंद.

बाबा : पावडरीने हाड भक्कम होत नाही?

डॉक्टर : हाडाला जेवढं लागतं तेवढं त्या खाण्यात असतं. वरून ओतलं की वाढीचा मेळ बिघडतो. भरवून लठ्ठही करू नका, या पायांना ते वजन झेपायला हवं.

बाबा : मग मोठ्यांचं खाणं कधी?

डॉक्टर : ठमीसारख्यांचं वर्षाच्या आत उरकतं. याच्यासारख्याला दीड वर्ष लागेल, कदाचित जास्तही. वाढ थांबली की ही रेघ मिटते. मग जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदलायचं. एकदम बदललंत तर पोट बिघडेल.

बाबा : मिटते म्हणजे खूण राहत असेल. सांधा म्हटलं की खूण राहतेच. माझा सांधा मी लांबून ओळखायचो.

डॉक्टर : बहुतेक खूणही राहत नाही.

बाबा : खूणही नाही!

डॉक्टर : तुमच्याही हाडांत होत्या या रेघा, काका. ताईंच्याही. सगळ्यांच्याच असतात.

बाबा : माझ्या?

डॉक्टर : वीसेक वर्षांचे होईपर्यंत.

बाबा : वीस वर्षं माझ्या अंगात हे चाललं होतं, आणि मला पत्ता नाही. मी आपला सायकल चालवत होतो.

सून : चला आता. बुटक्या, ऊठ. बाबा, पट्टा माझ्याकडे द्या.

बाबा : ओढू नकोस. त्याच्या चालीने येऊ दे.

*

सून : बाबा? दार नुसतं लोटलेलं! आणि बुटक्याजवळ जमिनीवर काय बसलात?

बाबा : श्श.

सून : खाल्लं का त्याने?

बाबा : ताटली चाटूनपुसून. मग फाटकापर्यंत जाऊन आला. चारी पाय टेकवून.

सून : खरंच? आठवड्यात फरक पडला म्हणजे! मग तुम्ही खुर्चीवर बसा की. गुडघे धरतील.

बाबा : धरू देत.

सून : आणि यांचा फोन आला होता का? मला निरोप होता, बाबा उचलतायत आणि ठेवून देतायत.

बाबा : उचलला मी. म्हटलं, नंतर कर.

सून : मुलाचा बोटीवरून फोन, आणि नंतर कर? असं काय अडलं होतं?

बाबा : अगं, हळू बोल. वाढतोय तो.