संडासाच्या चपला

...आणि वर म्हणे आभाराचे दोन शब्द बोला! माईक हातात कोंबला आणि हळूच कानाशी, 'मुरानाकाआजी, दोनच हं, मग केक कापायचाय.' अहो, जी बाई ऐन तारुण्यात नागानोच्या घाटात बसची कंडक्टर होती, वळण आलं की 'धरून बसा मंडळी' म्हणून बोंबलायची, तिच्या हातात माईक दिलात तुम्ही! आता केक थांबेल. या वृद्धाश्रमात आम्ही सगळं थांबवूनच तर ठेवतो.

तुम्हा नातेवाईक मंडळींना सांगते, तुम्ही ज्येष्ठांच्या सणाला येता, आमच्या छातीवर कागदी फुलं बघता, ताटात लाल चवळीचा सणाचा भात बघता आणि म्हणता, वा, काय बडदास्त आहे! तो भात नाही हो, ती खळ आहे. घशात अडकेल म्हणून मिक्सरमधून काढतात आणि परत भाताच्या आकारात थापतात. चहासुद्धा घट्ट करून देतात, चमच्यानं खायला. चहा, आणि खायचा! पण ते जाऊ दे, भाताचं मी मनावर घेत नाही, माझं भांडण चपलांचं आहे.

म्हणजे आधी चटईचं सांगते. माझ्या पलंगाशी एक चटई घातलीय, पाऊल टेकलं की गाणं वाजतं. उठायचं मी, आणि गाणं वाजणार तिकडे कामवाल्यांच्या खोलीत! की आलंच कोणीतरी धावत, 'आजी, जरा थांबा, पडाल!' खिडकी उघडायला उठले, 'जरा थांबा, पडाल!' पलीकडच्या तोकिएबाईला चिमूटभर खारं आलुबुखार द्यायला निघाले, 'जरा थांबा, पडाल!' अहो, मी चालत्या बसमध्ये उभी राहून तिकिटं फाडलीत, खाली दरी, वर बर्फ, एका हातात पिशवी... तेव्हा नाही पडले आणि आता चटईवर पडू?

तर चपला. आपल्या जपानात घरोघरी संडासाच्या दारात संडासाच्या वेगळ्या चपला असतात. घरातल्या बाहेर काढायच्या, आतल्या घालायच्या, आणि बाहेर येताना त्या फिरवून ठेवायच्या, पुढच्या माणसाला सरळ पाय घालता येतील अशा. हे काय शिकवावं लागतं? लागतं, मला आईनं चिमटे काढून शिकवलंय! तर आमचे ओगुशीसान, ते बघा, खुर्चीत बसलेत, फूल कानाला लागलंय ते, त्यांनी जन्मभर गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या सरायीत पाहुण्यांची पादत्राणं सांभाळली. हा माणूस एक दिवस संडासातून बाहेर आला, चपला फिरवायला वाकला आणि तसाच ढुंगणावर बसला. झालं! आमचे मुख्य साहेब, कुमागाई साहेब, त्यांनी लगेच सुरक्षा समिती बसवली. समितीनं विचार केला, चहा घेतला, पातळ चहा, आणि ठरवलं की दोष चपलांचा. चपला घसरतात. चपला बंद!

मग काय घालायचं? तर हे चिकटपट्टीचे बूट. पलंगापासून एकच जोड. संडासात तेच, जेवणघरात तेच! साहेब आवाजात साखर घालून सांगतात, 'सगळं तुमच्या काळजीपोटी हो.' अहो काळजी असेल, पण संडासातले बूट जेवायला?

आणि तुम्हाला सांगते, काय झालं असेल? सगळे दारात थांबायला लागले. दार उघडं, पलीकडे भांडं दिसतंय, पोटात कळ आहे, आणि पाय उचलत नाही! पाय चपला शोधतोय. डोकं म्हणतंय आत चल, पाय म्हणतोय, असा कसा, मला काही रीत आहे की नाही? मागे रांग. शेवटी तोकिएबाईनं शरमेनं बूट काढले आणि मोजे घालूनच गेली आत, ओल्या फरशीवर! नागासे म्हणून इथली मुलगी आहे, गुणाची पोर, तिनं काखेत धरली म्हणून वाचली.

की समिती पुन्हा बसली. दोष आता कोणाचा? संडासाचा! एकट्यानं जायचं नाही. घंटी वाजवायची, नागासे येईल, मग जायचं. आणि नागासे एकटी, मजला अख्खा. ती एकाला भरवतेय, दुसरा हाका मारतोय, तिसऱ्याची चटई गातेय, ती पोर पळता पळता म्हणते, 'आजी, जरा थांबा, पडाल!' तिची काय चूक? पण घाटात बस थांबवता येते हो, पोट थांबवता येतं का? मग एखाद दिवशी व्हायचं ते होतं. मग साहेब काळजीपोटी लंगोट देतात. आधी झोपताना, मग दिवसा. मग उठायचं कशाला, बसा खुर्चीत. आणि पाय हे असे नालायक, दोन महिने कोणी विचारलं नाही की चालणंच विसरतात. ओगुशीसान तसेच बसले त्या खुर्चीत. पडल्यानं त्यांचं फक्त ढुंगण शेकलं. पाय गेले ते न पडण्यानं!

हसू नका. आता माझा नंबर आहे. केक झाला की साहेब माझ्या नोरिओशी बोलणार आहेत. तो बघा, खिडकीशी, मान खाली घालून बसलाय. साहेब विचारणार, 'तुमच्या आईंना खुर्ची आणि लंगोट सुरू करू या ना, सुरक्षित राहतील.' आणि हा लहानपणापासून असाच, कोणी गोड बोललं की मान डोलावतो.

कारण माझा गुन्हा काय, तर मागच्या आठवड्यात मी पळाले. लांब नाही, खाली! खाली पाहुण्यांचा संडास आहे, तिथं चपला आहेत, कारण तुमच्यासमोर साहेबांना लाज राखायची असते. मी चटईच्या कडेनं उतरले, गाणं वाजलं नाही, लिफ्टमध्ये शिरले, कठडा धरून गेले, चपला घातल्या... काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. कोणी दाराबाहेर उभं नाही, कोणी 'झालं का आजी' विचारत नाही. मी आणि माझं पोट!

तेवढ्यात बाहेर साहेब धावत, 'आजी, जरा थांबा, पडाल!' मी दार उघडून कठडा धरून बाहेर आले, बूट घातले, आणि चपला तशाच सोडल्या, वाकड्या. मुद्दाम! म्हटलं, साहेबांच्या देखत नाही वाकायचं. आणि तिथं एक पाहुणी उभी होती. साहेबांनी पाहुणीकडे बघितलं, चपलांकडे बघितलं... आणि वाकले! फिरवायला! कटकन आवाज आला हो कमरेतून, आणि साहेब फरशीवर.

हे बघा, पुढच्या रांगेत, कमरेला पट्टा, खाली उशी. विचारा त्यांना, चपला घसरल्या का? त्या त्यांच्या पायात नव्हत्याच! माणूस चपलेनं पडत नाही साहेब, वाकण्यानं पडतो. वर आमच्या संडासाच्या दारातही हाताशी एक कठडा लावा, बसायला पाट ठेवा, चपला परत द्या, आणि नागासेला जोडीला एक माणूस द्या. समिती बसवायची गरज नाही, तुम्हाला बसायला तसंही त्रास होतोय.

आणि नोरिओ, वर बघ. मी घाबरते पडायला. खूप घाबरते. पण मला माझ्या पायांनी जायचंय, शेवटपर्यंत. तू नाही म्हण. तोंड उघडून म्हण. काय? ऐकू नाही आलं, माईक देऊ?... 'नाही'? म्हणाला! ऐकलंत ना सगळ्यांनी?

बास, झाले माझे दोन शब्द. आता मला जायचंय, खालीच जाते, नागासे, तू नुसती बरोबर चल, धरू नकोस. आणि यावेळी सगळ्यांसमोर शपथ घेते, बाहेर येताना चपला फिरवणार नाही, वाकणार नाही, बघणारसुद्धा नाही...

पण माझ्यामागून कोणी येणार आहे का? तुम्ही? तुम्हालाही जायचंय? अरे देवा... मग काय करणार, वाकेन आणि पडेन!